पहिली कादंबरी स्पर्धेला पाठवताना

वाचकाचं पत्र : मी 51 वर्षांची, मानेवाड्यात राहते. काटोलकडच्या संत्राबागेत वाढलेल्या दोन बहिणींवरची माझी पहिली कादंबरी तीन वर्षांनी पूर्ण झाली. साधारण 72 हजार शब्द आहेत. एका संस्थेनं लेखिकांच्या पहिल्या कादंबरीसाठी पुरस्कार जाहीर केलाय. हस्तलिखित चालेल, छापील पुस्तकही चालेल, शुल्क 500 रुपये, मुदत पाच आठवडे. एक प्रकाशक म्हणतात, पैसे भरा, वीस दिवसांत पुस्तक हातात देतो, छापील पुस्तकाचं वजन पडतं. 2009 मध्ये मी स्वखर्चानं कवितांची छोटी पुस्तिका काढली होती, आणि या कादंबरीचं एक प्रकरण गेल्या दिवाळी अंकात आलंय. मग ही 'पहिली' धरतील का? संवाद सगळे आपल्या बोलीत आहेत, ते पुण्या-मुंबईच्या परीक्षकांना झेपतील का? लंडनचा भाचा म्हणतो, इकडे बायकांसाठी मोठा पुरस्कार असतो, तिथे पाठव. आणि मनातली एक शंका : फक्त बायकांसाठीचा पुरस्कार म्हणजे सवलतीचे गुणच ना? नाव माहेरचं लावू की सासरचं? (एक वाचक, नागपूर)

ताई, सगळ्यात निकडीचं आधी. त्या प्रकाशकांना आत्ता पैसे देऊ नका. ते फसवतीलच असं नाही. पण पुस्तक एकदा छापलं की ते परत 'अप्रकाशित' होत नाही, आणि पहिल्या कादंबरीचे सगळे पुरस्कार त्या एका तारखेवर उभे असतात. हस्तलिखितासाठीच्या स्पर्धा त्या दिवशी संपतात. छापील पुस्तकाच्या स्पर्धांना बहुतेक ठिकाणी प्रथमावृत्तीच लागते. घाईत चुकांसकट आलेली आवृत्ती मागे घेऊन सुधारलेली दुसरी पाठवता येत नाही.

वीस दिवसांचा हिशेबही करून बघा. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात, पानाला सरासरी 260 शब्द धरले, तर 72 हजार शब्दांची 277 पानं होतात. सुरुवातीची पानं धरून 288, म्हणजे 16 पानांचे 18 फर्मे. मुद्रितशोधन नीट करणारा माणूस दिवसाला 35-40 पानं तपासतो, म्हणजे एका वाचनालाच आठवडा. कादंबरीला किमान दोन वाचनं हवीत, आणि दुसरं वाचन पहिल्याच्या दुरुस्त्या खरंच घेतल्या गेल्या का हे पाहण्यासाठी असतं. त्यात पानांची मांडणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी. वीस दिवसांत हे बसवायचं तर दुसरं वाचन गळतं. परीक्षकाच्या हातात ती चुकांची आवृत्ती जाते आणि तुम्ही त्यासाठी पैसे मोजलेले असतात. 'छापील पुस्तकाचं वजन पडतं' म्हणाल, तर दोन्ही स्वीकारणाऱ्या संस्थेला एवढंच विचारा : हस्तलिखितं आणि पुस्तकं एकत्र तपासता की वेगळी? हस्तलिखितं नाव झाकून तपासता का? झाकून तपासत असतील तर हस्तलिखितच पाठवा.

आता 'पहिली' म्हणजे काय. वेगवेगळ्या पुरस्कारांत याचे तीन अर्थ दिसतात : लेखिकेचं पहिलं पुस्तक, मग ते कुठल्याही प्रकारातलं असो, लेखिकेची पहिली कादंबरी, आधी कवितासंग्रह असला तरी चालेल, आणि अजून कुठेही न छापलेली पहिली कादंबरी. पहिल्या अर्थानं तुमची 2009 ची पुस्तिका आडवी येते. दुसऱ्या अर्थानं काहीच अडचण नाही. तिसऱ्या अर्थानं प्रश्न दिवाळी अंकातल्या प्रकरणाचा. पुस्तिकेला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नव्हता, दुकानात ठेवली नव्हती, ओळखीच्यांतच वाटली, म्हणून ती मोजणार नाहीत, असं धरून चालू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 3 मध्ये प्रकाशन म्हणजे प्रती काढून कृती लोकांना उपलब्ध करून देणं. आयएसबीएनचा त्यात संबंध नाही.

म्हणून काही लपवू नका, आधीच विचारा, आणि फोनवर न विचारता ईमेलवर विचारा. मजकूर इतकाच पुरे : "माझी ही पहिली कादंबरी आहे. 2009 मध्ये माझी कवितांची पुस्तिका स्वखर्चानं प्रकाशित झाली आहे. कादंबरीचं सुमारे इतक्या शब्दांचं एक प्रकरण अमुक दिवाळी अंकात प्रकाशित झालं आहे. मी या पुरस्कारासाठी पात्र आहे का?" प्रकरण चार हजार शब्दांचं असेल तर ते एकूण कादंबरीच्या साडेपाच टक्के भरतं, हा आकडाही द्या. अंशतः प्रकाशन बहुधा कुणाला खुपत नाही, पण ते न सांगता नंतर उघडकीला आलं तर निकाल लागल्यावरही नाव काढलं जाऊ शकतं. आलेलं उत्तर छापून अर्जाच्या प्रतीला जोडून ठेवा. आणि निकाल लागेपर्यंत आणखी प्रकरणं फेसबुकवर किंवा प्रतिलिपीसारख्या ॲपवर टाकू नका. तिथे टाकलेलंही प्रकाशितच धरतात.

500 रुपये शुल्क म्हणजे लगेच संशय, असं आम्ही म्हणणार नाही. परीक्षकांचं मानधन, टपाल, सभागृह यांना पैसे लागतात. पण राज्य शासनाच्या किंवा साहित्य अकादमीच्या पुरस्कारांना प्रवेश शुल्क नसतं, हे लक्षात ठेवून संस्थेकडे बघा. मागच्या विजेत्यांची नावं जाहीर आहेत का? ती पुस्तकं वाचनालयात किंवा दुकानात प्रत्यक्ष सापडतात का? परीक्षकांची नावं निदान निकालासोबत तरी देतात का? रक्कम स्पष्ट लिहिली आहे की नुसतं 'भव्य सन्मान'? 'सर्व सहभागींना गौरवपत्र' असं दिसलं, किंवा निवड झाल्यावर सोहळ्यासाठी, स्मरणिकेसाठी पैसे भरायचे असले, तर तिथे पुरस्कार विकला जातोय. ते 500 रुपये वाचवा.

नियमांत एक ओळ मात्र भिंग लावून शोधा. 'पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील' अशा अर्थाचं काही असेल तर पाठवू नका. 'विजेत्या कादंबरीची पहिली आवृत्ती संस्था काढेल' हे वेगळं, ते चांगलंच आहे. पण आवृत्ती किती प्रतींची, मानधन किती, हक्क किती वर्षांसाठी, हे लेखी मागा. कादंबरीची पहिली हक्कदार तुम्हीच आहात, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनंच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. पुढे कुठल्याही प्रकाशकाशी बसाल तेव्हाही हेच मुद्दे. तुमचं हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं चालणारं हे धन आहे, ते एका अर्जाच्या सहीनं देऊन टाकू नका.

नाव झाकून मागितलेलं हस्तलिखित नको तिथे नाव सांगतं. पहिल्या पानावरून तुम्ही ते काढाल, पण अर्पणपत्रिका राहते, ऋणनिर्देश राहतो, 'मनोगत' राहतं, कुणा ज्येष्ठांची प्रस्तावना राहते. हे सगळं काढा. स्पर्धेला फक्त कादंबरी जाते. पानांच्या माथ्यावर नाव असेल तर शीर्षक ठेवून नाव उडवा. फाइलचं नाव तुमच्या आडनावानं ठेवू नका. वर्डच्या फाइलच्या आत, 'इन्फो'मध्ये, लेखकाचं नाव आपोआप नोंदलेलं असतं. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून ते पुसा आणि मग पीडीएफ काढा. पीडीएफ उघडून 'प्रॉपर्टीज' पुन्हा बघा.

मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला असेल तर वर्डची फाइल तशीच पाठवू नका. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर तुमची कादंबरी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होऊन उघडते. पीडीएफ पाठवा, किंवा युनिकोड (कुठल्याही संगणकावर नीट दिसणारी अक्षरं) मागितलं असेल तर रूपांतर करून घ्या. पण रूपांतरानंतर डोळ्यांनी वाचणं चुकत नाही. हमखास मोडतात ते रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य-ऱ्ह ही जोडाक्षरं. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' होतं, 'कर्ज'मधला रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. 'र्य' आणि 'र्ह' शोधायला लावा आणि एकेक ठिकाण हातानं दुरुस्त करा. सगळीकडे एकदम बदल केलात तर 'सूर्य' आणि 'आश्चर्य' बिघडतील.

छापील प्रती मागितल्या असतील तर 14 पॉइंट, ओळींत दीड अंतर, चारी बाजूंना इंचभर समास, एका बाजूनं छपाई. पानाला साधारण 300 शब्द बसतात, म्हणजे 240 कागद. साध्या ए-फोरचा एक कागद पाच ग्रॅमच्या आसपास, तेव्हा एक प्रत सव्वा किलोच्या आतबाहेर. एवढा गठ्ठा एकाच स्पायरलमध्ये घातला तर पानं उलटताना फाटतात. 120-120 कागदांचे दोन भाग करा, दोन्हींवर शीर्षक आणि भाग क्रमांक, पृष्ठांक मात्र सलग. पहिल्या भागाचा शेवट प्रकरणाच्या शेवटावर आणा. जीपीओतून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण ती शाई काही महिन्यांत उडते. मुदत 'पोहोचण्याची' आहे की 'पाठवण्याची' हे नियमात वाचा. पोहोचण्याची असेल तर निदान आठ दिवस आधी पाकीट निघालं पाहिजे.

सारांश मागितला असेल तर एक पान, जास्तीत जास्त दीड. इथे बऱ्याच जणी मलपृष्ठासारखा मजकूर लिहितात : 'दोघी बहिणींच्या आयुष्यात असं काय घडतं...' आणि तीन टिंबं. परीक्षकाला उत्सुकता लावायची नसते. कथानक कुठे सुरू होतं, कोणत्या निर्णयानं वळतं, कुठे संपतं, हे सगळं सांगा, शेवटासकट. बाग कुणाच्या नावावर होते ते सांगा. पात्रांची नावं चारच्या वर नको. आणि पहिली तीस पानं पुन्हा वाचा. छाननीच्या पहिल्या फेरीत अनेक प्रवेशिका तिथेच बाजूला पडतात. पहिल्या प्रकरणात आजोबांपासूनची वंशावळ आणि गावाचं वर्णन असेल तर ती पानं पुढे ढकला. दोघींमधलं भांडण आधी येऊ द्या.

बोलीबद्दल अजिबात बिचकू नका. ती बदलू नका, कंसात अर्थ देऊ नका, पानाखाली टिपा नको. वाक्याच्या संदर्भातून अर्थ लागतो. अगदीच न लागणारे शेतीचे दहा-पंधरा शब्द असतील, तर शेवटी अर्ध्या पानाची सूची द्या. आंबिया आणि मृग बहार, म्हणजे झाडाला फुलं येण्याचे दोन हंगाम, मराठवाड्याच्या वाचकाला समजतील, पण सगळे बागायती शब्द समजतील असं नाही. परीक्षकाला बोली खटकत नाही, लेखनातला गोंधळ खटकतो. पान 12 वर "काय करून राह्यली तू?" पान 80 वर "काय करून रायली?" आणि पान 140 वर "काय करून राहिली?" असं एकाच बहिणीच्या तोंडी आलं, की ती मुद्रणाची चूक वाटते. तसंच 'कायले' आणि 'काह्यले', 'काऊन' आणि 'काहून'. एका वहीच्या पानावर अशा शब्दांची यादी करा, प्रत्येकाचं एकच रूप ठरवा आणि शोधून बदला. इथेही 'सगळे बदला'चं बटण दाबू नका, कारण निवेदन प्रमाण भाषेत असेल तर तिथलं 'राहिली' बरोबर आहे. दोघी बहिणी वेगळ्या बोलत असतील, एक नागपुरात शिकलेली आणि एक गावातच राहिलेली, तर दोन वेगळ्या याद्या करा. तो फरक शेवटपर्यंत टिकला तर तीच या कादंबरीची मोठी ताकद ठरेल.

या एका पुरस्कारावर सगळी मदार ठेवू नका. पुस्तक छापून झाल्यावरचा मोठा पुरस्कार म्हणजे राज्य शासनाचा यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार. त्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे, आणि त्यातल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे पुरस्कार आहे, 50 हजार रुपयांचा. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या वर्षात आलेली पुस्तकं घेतात, प्रवेशिका साधारण डिसेंबर-जानेवारीत मागवतात आणि आपल्याकडच्या लेखकांना त्या जिल्हाधिकारी कार्यालयात देता येतात. सिव्हिल लाइन्समध्ये जाऊन पोचपावती हातात घ्या. पुस्तिकेचा प्रश्न इथेही आधीच विचारा. आता तारखेचं गणित. डिसेंबरच्या शेवटी पुस्तक काढलं तर ते त्याच वर्षात मोजलं जातं आणि प्रती बांधून येईपर्यंत प्रवेशिकेची मुदत डोक्यावर आलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत काढलं तर परीक्षण यायला, वाचकांपर्यंत पोचायला जवळजवळ वर्ष मिळतं. प्रथमावृत्तीची तारीख पुस्तकात ठळक छापून घ्या. नुसतं वर्ष छापलं की वाद होतात.

विदर्भ साहित्य संघ 1923 पासून उभा आहे आणि तोही दरवर्षी वाङ्मय पुरस्कार देतो. झाशी राणी चौकात जाऊन नियमावली मागून घ्या, ते घरापासून लांबही नाही. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तुमच्यासाठी नाही, त्याला वयाची अट 35 ची आहे. छपाईच्या खर्चाचीच अडचण असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्या पुस्तकासाठी असते, तेव्हा 2009 चं सांगूनच पुढे जा.

भाच्याला सांगा, ते दार सध्या बंद आहे. विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन 1996 पासून दिला जातो, रक्कम 30 हजार पौंड, कुठल्याही देशाची लेखिका चालते. पण कादंबरी मुळात इंग्रजीत लिहिलेली आणि ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेली लागते. अनुवाद चालत नाही. शिवाय तो फक्त पहिल्या कादंबरीसाठी नाही. त्याच संस्थेचा 'डिस्कव्हरीज' हा अप्रकाशित लेखिकांसाठीचा उपक्रम ब्रिटन-आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांपुरता आहे. त्याची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे : कादंबरीचे पहिले दहा हजार शब्द आणि हजार शब्दांपर्यंतचा सारांश, बस. तुमच्या हस्तलिखिताचा तेवढा भाग वेगळा काढा आणि वर्षात दोन-चार तरी कादंबऱ्या वाचणाऱ्या, तुमच्या नात्यात नसलेल्या दोघींना द्या. पुढे वाचावंसं वाटलं का, कुठे थांबलात, एवढंच विचारा.

सवलतीच्या गुणांची शंका मनातून काढा. तो लंडनचा पुरस्कार का निघाला? 1991 मध्ये बुकर या इंग्रजी कादंबरीच्या मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत सहा पुस्तकं होती आणि त्यात एकही लेखिका नव्हती. त्या वर्षी बायकांनी काही लिहिलं नव्हतं, असं थोडंच आहे? आपल्याकडे पहिलं मराठी साहित्य संमेलन 1878 मध्ये झालं आणि अध्यक्षपदी पहिली स्त्री आली ती 1961 मध्ये, ग्वाल्हेरला. त्या कुसुमावती देशपांडे आपल्या नागपुरातच प्राध्यापक होत्या. मधली 83 वर्षं योग्यतेची बाई नव्हती, असं कोण म्हणेल? मुलं मार्गी लागल्यावर, सासू-सासऱ्यांचं आजारपण निभावल्यावर 51 व्या वर्षी पहिली कादंबरी पूर्ण होते, तेव्हा युवा पुरस्काराची वयोमर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. अशा लेखिकेला पहिली म्हणून वाचणारा पुरस्कार ही आपल्या भाषेची गरज आहे. तिथेही एकीचीच निवड होते आणि बाकी सगळ्या नाकारल्या जातात. गुण कुणी वाढवून देत नाही.

नावाचं. माहेरचं की सासरचं हे तुम्हीच ठरवायचं, पण ठरवलं की तेच मुखपृष्ठावर, प्रवेशिकेत आणि आयएसबीएनच्या अर्जात. वाचनालयाच्या यादीत लेखिका त्याच नावानं शोधली जाणार. 2009 ची पुस्तिका दुसऱ्या नावानं असेल तर पात्रतेच्या ईमेलमध्ये ते नावही लिहा. लेखनाचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं असेल तर प्रवेशिकेत दोन्ही द्या आणि खातेदाराच्या रकान्यात पासबुकावर आहे अगदी तसंच लिहा. लेखनाच्या नावानं काढलेला धनादेश बँक वटवत नाही, आणि तो बदलून मिळण्यात महिने जातात.